क्लॅमिडोमोनासच्या झायगोटमधले मायोसिसचे क्रोमोसोम कुणी प्रत्यक्ष बघितलेत का? निळे ठिपके दिसतायत पण खात्री नाही

ओंकार_बॉटनी:

नमस्कार मंडळी. एमएस्सी बॉटनी पार्ट टू ला आहे. डिझर्टेशनला विषय घेतलाय क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या एकपेशीय हिरव्या शैवालातलं मायोसिस (क्रोमोसोमची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन), म्हणजे झायगोस्पोर (दोन पेशी एकत्र येऊन बनलेला जाड भिंतीचा झायगोट) उगवताना आतले क्रोमोसोम स्टेन करून स्टेजेसचे फोटो काढायचे. ऐकताना सोपं वाटलं होतं कारण कांद्याच्या कळ्यांचं मायोसिस बीएस्सीला सगळ्यांनीच केलेलं असतं, अँथर काढा, अ‍ॅसिटोकार्माइन हा लाल रंग टाका, कव्हरस्लिपवर अंगठा दाबा, झालं. इथं तसं काहीच होईना.

आत्तापर्यंत काय झालंय ते सांगतो. ओळखीच्या एका लॅबमधून (बायोडिझेलसाठी शैवाल वाढवतात ते) सीसी-१२४ आणि सीसी-१२५ असे दोन स्ट्रेन मिळाले, एक मायनस एक प्लस (मेटिंग टाइप, म्हणजे नर-मादीसारखे दोन प्रकार). आमच्याकडे बोल्ड्स बेसल मीडियम तयार होतं त्यात टाकले तर वाढेचनात, पिवळट पडून बसले, मग टॅप मीडियममध्ये टाकल्यावर तीन दिवसांत हिरवेगार, असं का झालं ते कळलं नाही. नंतर नायट्रोजन काढलेल्या टॅपमध्ये रात्रभर लाइटखाली ठेवले आणि सकाळी दोन्ही एकत्र केले. हा भाग मात्र बघण्यासारखा होता राव. थोड्याच वेळात पेशी फ्लॅजेलांनी (शेपटीसारख्या धाग्यांनी) एकमेकींना चिकटून गठ्ठे करायला लागल्या, एका गठ्ठ्यात वीस-वीस पेशी थरथरतायत, आणि तासाभरानं चार फ्लॅजेलावाल्या जोड्या पळताना दिसल्या.

मग प्लेटवर घेतले, एक दिवस लाइट, नंतर फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात अंधारात, आणि मग ताज्या टॅप प्लेटवर परत लाइटखाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सकाळ-संध्याकाळ थोडं खरवडून फिक्स करतोय. अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये सगळा गोळाच गुलाबी दिसतो, मध्ये एक गोल डाग, तो न्यूक्लियस आहे का पायरेनॉइड (क्लोरोप्लास्टमधला स्टार्चनं वेढलेला गोळा) तेही सांगता येत नाही. युनिव्हर्सिटीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे, त्यावर डॅपी (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) लावून बघितलं तर एकेका पेशीत आठ-दहा, काही ठिकाणी पंधराच्या आसपास बारीक निळे ठिपके दिसले. पुस्तकात क्रोमोसोम १७ म्हटलेत. मग हेच क्रोमोसोम का? गाईड म्हणतात डायकायनेसिसचा (मायोसिसमधली, क्रोमोसोमच्या जोड्या सुट्ट्या मोजता येतात ती स्टेज) एक स्वच्छ फोटो मिळाला की विषय संपला. कुणी हे केलंय का, फोटो मिळतो का मुळात?


शैवालप्रेमी_सातारा:

फॉलो करतोय. आमच्या कॉलेजात पण हाच प्रश्न आहे, फक्त आमच्याकडे फ्लुरोसन्स नाही.


हिरवी_ताई:

ओंकार, मी गेली काही वर्षं अमेरिकेत क्लॅमीवरच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी वाईट बातमी. ते ठिपके क्रोमोसोम नाहीत. ते क्लोरोप्लास्टमधले न्यूक्लिऑइड आहेत, म्हणजे क्लोरोप्लास्टच्या स्वतःच्या डीएनएचे पुंजके. क्लॅमीत क्लोरोप्लास्ट एकच असतो, कपाच्या आकाराचा, पेशीचा निम्मा भाग त्यानेच खाल्लेला असतो, आणि त्याच्या डीएनएच्या बऱ्याच कॉपी अशा ठिपक्याठिपक्यांनी पसरलेल्या असतात. डॅपीला काय, डीएनए दिसला की चिकटायचं, तो न्यूक्लियसचा का क्लोरोप्लास्टचा याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

ओळखायचं कसं तर लाल चॅनेल लावून क्लोरोफिलची स्वतःची चमक बघ आणि निळा फोटो त्यावर ठेव. तुझे ठिपके लाल भागात पडतायत का बघ, पडणारच. न्यूक्लियस त्या कपाच्या पोकळीत असतो, एकच, ठिपक्यांपेक्षा बराच मोठा, आणि पुष्कळदा पूर्ण गोल न दिसता घोड्याच्या नालेसारखा दिसतो कारण मधला न्यूक्लिओलस डॅपी घेत नाही. अजून एक फसवणूक म्हणजे पॉलिफॉस्फेटचे कण. त्यांनाही डॅपी लागतो पण ते निळे न दिसता पिवळट हिरवे चमकतात. युनिव्हर्सिटीच्या मायक्रोस्कोपवर ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा असेल आणि सॉफ्टवेअर नंतर निळा रंग भरत असेल तर हा फरक फोटोत कळणारच नाही, म्हणून डोळा लावून आयपीसमधून बघ.

बाय द वे ते ठिपके फेकून देण्यासारखे नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये कुरोइवा आणि त्यांच्या लोकांनी याच डॅपीने दाखवलं होतं की प्लस आणि मायनस एकत्र आल्यावर तासाभराच्या आत मायनसकडून आलेल्या क्लोरोप्लास्टचे ठिपके गायब होतात आणि प्लसचे राहतात. रूथ सेगरनी १९५४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन रेझिस्टन्स फक्त प्लस पालकाकडूनच पुढे जातो असं दाखवलं होतं, त्याचं डोळ्यांना दिसणारं कारण हे. तुझ्याकडे दोन्ही स्ट्रेन आहेत, डॅपी आहे, मेटिंग होतंय. हा फोटो तुला एका सकाळीत मिळेल.

आता क्रोमोसोमचं गणित. क्लॅमीचा अख्खा जीनोम साधारण ११ कोटी बेस पेअरचा, भागिले १७, म्हणजे एका क्रोमोसोमला सरासरी ६५ लाख. कांद्याचा जीनोम १६०० कोटींच्या आसपास आणि क्रोमोसोम ८, म्हणजे एकेक २०० कोटींचा. तुला ज्याची सवय आहे त्याच्या तीनशेपट कमी माल एका क्रोमोसोममध्ये आहे. न्यूक्लियसच साध्या पेशीत ३ मायक्रॉनच्या आसपास, त्यात हे १७, आणि आपल्या ऑइल इमर्शनची मर्यादा ०.२ मायक्रॉन. मेटाफेजला सगळे एका रेषेत आले की एक छोटी आडवी काडी दिसते, एवढंच. त्यातून १७ बायव्हॅलंट (क्रोमोसोमच्या जोड्या) मोजणं साध्या मायक्रोस्कोपवर मला तरी शक्य वाटत नाही, आणि डायकायनेसिसचा कांद्यासारखा फोटो तर विसरच. गाईडना हे आकडे दाखव.

बोल्ड्समध्ये का वाढले नाहीत ते सोपं आहे. १२४ आणि १२५ या दोघांमध्ये निट-१ आणि निट-२ अशी दोन म्युटेशन आहेत, त्यांना नायट्रेट वापरताच येत नाही. बोल्ड्समध्ये नायट्रोजन म्हणजे सोडियम नायट्रेट. टॅपमध्ये अमोनियम असतं म्हणून तिथं खुश. हे लक्षात ठेव, पुढे याचा उपयोग आहे.


कार्माइन_काका:

ताईंनी छान लिहिलंय, पण कार्माइनला इतक्यात निरोप देऊ नका. मी निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण शैवालांच्या सायटॉलॉजीत हात काळे, म्हणजे लाल केलेले आहेत. फ्लुरोसन्स यायच्या आधी सगळं कामच कार्माइनवर चालायचं. बनारसला सर्मा सरांच्या लॅबनं हिरव्या शैवालांचे शेकड्यानं क्रोमोसोम काउंट काढले, ते काही डॅपीवर नाही.

ओंकार, तुझं सगळं गुलाबी दिसतंय याचा अर्थ मॉर्डंट (रंग पक्का बसवणारं द्रव्य) नाही. शैवालाला साधं अ‍ॅसिटोकार्माइन चालत नाही, त्यात लोखंड लागतं. फेरिक अ‍ॅसिटेटचे एखाद-दोन थेंब टाकायचे, किंवा आम्ही करायचो तसं गंजलेल्या सुईनं स्लाइडवरचा थेंब ढवळत राहायचं. रंग लालभडकचा किंचित जांभळ्याकडे झुकला की थांबायचं. जास्त झालं तर अख्खा थेंब काळा पडतो आणि कण बसतात, मग ती स्लाइड टाकूनच द्यायची. फिक्सेटिव्ह तीन भाग अल्कोहोल एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक, ताजं केलेलं. काल केलेलं चालेल का असं विचारू नकोस, नाही चालत. त्यात निदान एक रात्र राहू दे म्हणजे क्लोरोफिल बऱ्यापैकी उतरतं, पेशी पांढुरक्या दिसायला पाहिजेत. अजून हिरवट असतील तर फिक्सेटिव्ह बदलून परत ठेव.

मग स्टेनमध्ये घेऊन स्लाइड खालून स्पिरिट लॅम्पवर दोन-तीनदा फिरवायची, हाताच्या मागच्या बाजूला लावल्यावर चटका बसेल न बसेल एवढीच गरम, उकळी फुटली की संपलं. गरम केल्यानं सायटोप्लाझमचा रंग उतरतो आणि न्यूक्लियसचा टिकतो. त्यानंतर टिपकागद ठेवून अंगठा, सरळ खाली, जरासुद्धा सरकू न देता.

खरी अडचण तुझी झायगोस्पोरची भिंत आहे. पिकलेल्या झायगोस्पोरला जी भिंत असते ती स्टेन आत जाऊ देत नाही आणि आत स्टार्च आणि तेल ठासून भरलेलं असतं. त्यामुळे वरून किती का रंगवेनास. अंगठा दाबून ती फुटतही नाही, सटकून बाजूला जाते. ज्या वेळी ती उगवायच्या बेतात असते तेव्हाच ती सैल पडते, आणि नेमकं तेव्हाच फिक्स करायला लागतं. आधी केलं तर स्टेन जात नाही, नंतर केलं तर मायोसिस उरकलेलं.


ओंकार_बॉटनी:

ताई, सर, खूप खूप आभार. लाल चॅनेल लावून जुने फोटो परत बघितले, ठिपके सगळे लाल भागातच आहेत. 😐 न्यूक्लियस आता ओळखता येतोय.

एक विचारायचं होतं, ही नेमकी वेळ कशी पकडायची? मी सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला फिक्स करतोय कारण लॅब तेवढीच उघडी असते. आणि प्लेटवर झायगोस्पोरबरोबर साध्या पेशी पण भरपूर राहतात, त्यांचं काय करायचं, स्लाइडवर त्यांचीच गर्दी असते.


हिरवी_ताई:

तुझं मायोसिस रात्री होतंय आणि तू सकाळी जातोयस. 😄 अंधारात नीट पिकलेले झायगोस्पोर ताज्या टॅपवर लाइटखाली आणले की १८ ते २४ तासांत फुटून त्यातून पेशी बाहेर पडतात. म्हणजे दोन्ही विभाजनं त्याच्या आधीच झालेली असतात. तू दुपारी लाइटखाली ठेवतोस आणि दुसऱ्या दिवशी दहाला बघतोस तेव्हा जेवणं उरकून पंगत उठलेली असते. उलटं कर. रात्री घरी किंवा हॉस्टेलवर टेबल लॅम्पखाली उशिरा ठेव, मोबाइलवर अलार्म लाव, आणि सकाळी लॅबमध्ये नेऊन तिथून पुढे दर अर्ध्या तासाला एक छोटी ट्यूब फिक्स करत जा. नेमका कितवा तास ते मी सांगणार नाही कारण स्ट्रेन, तापमान, अंधारात किती दिवस होते यावर ते हलतं, तुझ्या लॅबचं घड्याळ तुलाच काढावं लागेल. अंधारात पाचेक दिवस पुरतात. कमी दिले तर काही आज उगवतात काही उद्या, आणि मग एकाही ट्यूबमध्ये तुला गर्दीनं एक स्टेज मिळत नाही.

घड्याळ काढायला क्रोमोसोम दिसायची गरजच नाही. प्रत्येक ट्यूबमधल्या शंभरेक झायगोस्पोरमध्ये न्यूक्लियस किती ते मोज. एक, दोन, का चार. लाइटखाली आणताना सगळ्यांत एक असणार कारण दोन्ही गॅमेटचे न्यूक्लियस तोपर्यंत एकत्र झालेले असतात. एकाचे दोन झाले की मायोसिस वन संपलं, दोनाचे चार झाले की टू. वेळ विरुद्ध टक्के असा ग्राफ काढलास की तो डिझर्टेशनमधला सगळ्यात भक्कम ग्राफ होईल, आणि पहिल्या विभाजनाच्या जरा आधीच्या ट्यूबा हातात आल्या की काकांचं लोखंडवालं कार्माइन त्यांच्यावर वापर.

साध्या पेशींना क्लोरोफॉर्म. काचेच्या मोठ्या डिशमध्ये थोडं क्लोरोफॉर्म घे, फ्यूम हूडमध्ये, आणि अगार प्लेट झाकण काढून त्यावर अर्धा मिनिट उपडी धर. वाफेनं साध्या पेशी मरतात, झायगोस्पोरना त्या भिंतीमुळे काही होत नाही. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या डिशमध्ये ओतू नको, पॉलिस्टायरिन विरघळतं. त्याआधी बोथट ब्लेडनं प्लेटचा पृष्ठभाग हलकेच खरवड, साध्या पेशी निघून येतात आणि झायगोस्पोर अगारला चिकटून राहतात. क्लोरोफॉर्म मिळत नसेल तर प्लेट उणे २० च्या फ्रीजरमध्ये एक-दोन दिवस ठेवूनही तेच होतं. मेलेल्या पेशी स्लाइडवर दिसतातच पण त्या वाढून गर्दी करत नाहीत आणि रंगावरून वेगळ्या काढता येतात.

डॅपी करणार असशील तर फिक्स केल्यावर थंड मिथेनॉलमध्ये क्लोरोफिल पूर्ण काढ, नाहीतर लाल चमक निळ्यावर चढते. आणि कंट्रोल म्हणून डॅपी न लावलेली स्लाइड बघच, कारण काही जातींच्या झायगोस्पोरची भिंत यूव्हीखाली स्वतःच निळी चमकते. क्लॅमिडोमोनास मोनोइकाबद्दल हे चांगलं माहीत आहे.


तळ्याकाठी:

मी हौशी माणूस आहे, कोकणातल्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतले डेस्मिड (एक प्रकारची सूक्ष्म हिरवी शैवालं) गोळा करतो, त्यामुळे कदाचित वेडगळ वाटेल पण विचारतो. क्लॅमीच कशाला? क्लोस्टेरियम घ्या ना. तीही एकपेशीय, हिरवी, पण चंद्रकोरीसारखी लांबलचक, साध्या मायक्रोस्कोपवर देखणी दिसते. कॉन्जुगेशन तर मी घरी बघितलंय, दोन कोरी शेजारी येतात आणि मध्ये गोल काळसर झायगोस्पोर. एवढी मोठी पेशी तर क्रोमोसोम पण मोठे नाहीत का?


कार्माइन_काका:

वेडगळ मुळीच नाही, पण पेशी मोठी म्हणून क्रोमोसोम मोठे असं नसतं. डेस्मिडमध्ये क्रोमोसोम बारीकच असतात आणि संख्येनं अफाट. नेट्रियम डिजिटस नावाच्या एका जातीत ५९२ मोजलेत, तेही हॅप्लॉइड, म्हणजे एकाच संचात. ज्यानं ते मोजले त्याच्या डोळ्यांना आणि चिकाटीला माझा नमस्कार. शिवाय डेस्मिडचे झायगोस्पोर उगवायला फार आढेवेढे घेतात, वाळवा, महिनोन्महिने ठेवा, परत भिजवा, आणि तरी थोडेच उगवतात. ओंकारचं सबमिशन तोवर होऊन जाईल.

एक गंमत मात्र आहे, आणि ती तुम्हाला घरी बघता येईल. क्लॅमीत झायगोस्पोरमधून चार पेशी निघतात, क्लोस्टेरियममध्ये दोनच. मायोसिस पूर्ण होतं, चार न्यूक्लियस होतात, पण त्यातले दोन विरून जातात. पावसाळ्यातला गाळ सुकवून ठेवा आणि पुढच्या वर्षी पाणी घालून बघत राहा.


स्लाइडबॉक्स:

क्लोरेला का नाही घेत कुणी? सगळीकडे मिळते, स्पिरुलिनाच्या दुकानात पण पावडर असते.


हिरवी_ताई:

क्लोरेलात मायोसिस कुणी बघितलेलंच नाही. जीनोममध्ये मायोसिसला लागणारी जीन्स सापडलीत, म्हणजे कुठेतरी लपूनछपून होत असावं असा अंदाज आहे, पण लॅबमध्ये करून दाखवता येत नाही. आणि पावडर मेलेली असते हो.

एकपेशीय आणि खरोखर मोठा न्यूक्लियस हवा असेल तर अ‍ॅसिटाब्युलारिया. समुद्रातलं शैवाल, छत्रीसारखं, काही सेंटिमीटर उंच, आणि ती सगळी एकच पेशी. न्यूक्लियस खाली मुळासारख्या भागात असतो आणि वाढून १०० मायक्रॉनच्या घरात जातो, क्लॅमीची अख्खी पेशी १० मायक्रॉन आहे हे लक्षात घ्या. त्यात १९७५ च्या सुमारास लॅम्पब्रश क्रोमोसोमसुद्धा दाखवलेत, जे आपण बेडकाच्या अंड्यात शिकतो ते. मायोसिस त्या मोठ्या न्यूक्लियसमध्येच होतं आणि मग हजारो छोटे न्यूक्लियस देठातून वर टोपीकडे जातात. अंदमानात याची एक नवी जात सापडली, २०२१ मध्ये जाहीर झाली, अ‍ॅसिटाब्युलारिया जलकन्यकी असं गोड नाव ठेवलंय. पण लॅबमध्ये तिचं जीवनचक्र पूर्ण व्हायला महिने लागतात, ओंकारच्या कामाचं नाही.


ओंकार_बॉटनी:

काल रात्री १२ ला लॅम्पखाली ठेवले आणि सकाळी साडेसातला शिपाई मामांना विनवून लॅब उघडून घेतली. दोन न्यूक्लियसवाले झायगोस्पोर दिसले!!! फोटो बरे आलेत. पण गाईडना आकडे दाखवले तर म्हणाले की पुस्तकात १७ लिहिलंय म्हणजे कुणीतरी मोजलेच असतील ना. याला काय उत्तर देऊ?


कार्माइन_काका:

गाईडसाहेबांचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर असं की १७ हा आकडा मायक्रोस्कोपखाली ठरलेला नाहीच. १९५० ते ७० च्या दशकांत चांगल्या चांगल्या लोकांनी मोजले, कुणी ८ म्हणालं कुणी १६ च्या आसपास म्हणालं, एकमेकांत मेळ नाही. १९७६ मध्ये मार्जोरी मॅग्वायर बाईंनी ऑक्टेट नावाच्या स्ट्रेनमध्ये मायोसिस बघितलं, म्हणजे ज्यात झायगोटमधून चाराऐवजी आठ पेशी निघतात तो स्ट्रेन. बाई मक्याच्या सायटॉलॉजीतल्या, म्हणजे डोळा तयार. तरी शेवटचा निकाल लागला तो क्रॉस करून करून काढलेल्या लिंकेज ग्रुपांवरून (एकत्र पुढे जाणाऱ्या जीन्सचे गट), आणि २००७ मध्ये जीनोम छापून आल्यावर शिक्कामोर्तब झालं. जोड्या जुळतात, सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स (जोडी बांधून ठेवणारी रचना) बनतो, हे दिसलं तेसुद्धा सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर, पातळ काप घेऊन.

आकड्यांवरून आठवलं. एकोणिसावा लिंकेज ग्रुप म्हणून एक होता (नंबर १९ पर्यंत गेले कारण मधले काही ग्रुप नंतर एकत्र झाले), त्यावर फ्लॅजेलाशी संबंधित जीन्सच फार, आणि मॅप काढला तर तो गोल यायचा. १९८९ मध्ये तर चक्क असं छापून आलं की हा डीएनए न्यूक्लियसमध्ये नाहीच, फ्लॅजेलाच्या बुडाशी असलेल्या बेसल बॉडीत आहे. केवढी खळबळ. पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसऱ्यांनी तपासलं, आणि पहिल्या लॅबनंही परत तपासलं, तर तो निमूट न्यूक्लियसमध्येच निघाला. फ्लुरोसन्सचा एक ठिपका कुठे आहे यावरून किती वाद होऊ शकतो बघ, आणि ती माणसं अव्वल दर्जाची होती.

आणि याच जातकुळीतल्या शैवालावर १९३० च्या दशकात जर्मनीत मोएवुस नावाचे गृहस्थ इतके गुळगुळीत आकडे काढत होते की १९३९ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन आणि उर्सुला फिलिप यांनी गणित करून दाखवलं की योगायोगानं एवढं जुळणं जवळजवळ अशक्य आहे. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले. तेव्हा तुझे मोजलेले आकडे वेडेवाकडे आले तर तसेच छाप, परीक्षक उलट विश्वास ठेवतील.


हिरवी_ताई:

काका, मोएवुस काढलात म्हणजे आता रात्र संपायची नाही. 😀

ओंकार, गाईडना पटेल असा अजून एक पुरावा तुझ्या आवाक्यात आहे. मी म्हटलं होतं ना नायट्रेटचं लक्षात ठेव. सीसी-१६९० नावाचा प्लस स्ट्रेन आहे, त्याची निट-१ आणि निट-२ दोन्ही जीन्स चांगली आहेत, नायट्रेटवर आरामात वाढतो. बायोडिझेलवाल्यांकडे तो असण्याची शक्यता खूप आहे, विचार त्यांना. त्याचा तुझ्या १२४ शी क्रॉस कर. झायगोस्पोर विरळ पसर म्हणजे प्रत्येकजण एकटा बसेल, आणि उगवून चार पेशी बाहेर पडल्या की त्या काचेच्या बारीक सुईनं एकमेकींपासून दूर सरकवून चार वेगळ्या वसाहती वाढव. डिसेक्शनचा हात बसायला वेळ लागतो, सुई गॅसच्या ज्योतीवर ओढून स्वतः बनव, आणि दोन-तीन डझन टेट्रॅड (एका झायगोटच्या चार पेशींचा संच) मिळाले तरी पुरे. मग प्रत्येक वसाहत थोडी नायट्रेटवाल्या प्लेटवर लाव, जिच्यात अमोनियम अजिबात नाही.

निट-१ आहे नवव्या क्रोमोसोमवर, निट-२ तिसऱ्यावर, आणि नायट्रेटवर वाढायला दोन्ही चांगली लागतात. म्हणून टेट्रॅडमध्ये दोन वाढल्या दोन नाही असं आलं तर पॅरेंटल डायटाइप, एकही वाढली नाही तर नॉन पॅरेंटल, आणि एकच वाढली तर टेट्राटाइप. पहिले दोन प्रकार साधारण सारखे आले म्हणजे नववा आणि तिसरा क्रोमोसोम मेटाफेज वनला एकमेकांशी संबंध न ठेवता आपापल्या बाजूला गेले. आणि टेट्राटाइप आला म्हणजे त्या झायगोटमध्ये जीन आणि सेंट्रोमिअरच्या मध्ये कुठेतरी क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल) झालं. म्हणजे जो कायझमा (या अदलाबदलीची खूण) तुला मायक्रोस्कोपखाली जन्मात दिसणार नाही तो तुला प्लेटवर हिरवा-पांढरा दिसतोय. जोडीला मेटिंग टाइप तपास, तो सहाव्या क्रोमोसोमवर आहे, प्रत्येक टेट्रॅडमध्ये दोन प्लस दोन मायनस यायलाच हवेत. नाही आले तर तो टेट्रॅड नाही, शेजारच्या दोन झायगोस्पोरची सरमिसळ आहे, तो मोजू नको.


शैवालप्रेमी_सातारा:

हे आम्हाला पण जमेल की, फ्लुरोसन्सची गरजच नाही. अगारबद्दल एक, साध्या अगारवर नायट्रोजन नसताना पण थोडी फिकट वाढ होते ना? मग वाढली का नाही हे कसं ठरवणार?


हिरवी_ताई:

हो, होते. म्हणून प्रत्येक नायट्रेट प्लेटवर दोन्ही पालक पण लावायचे, एक कडेला १६९० आणि एक कडेला १२४, आणि प्रत्येक वसाहतीची तुलना त्या दोघांशी करायची. लावताना माल अगदी कमी घ्या, टूथपिकनं नुसता स्पर्श. जाड थर लावला तर पेशी सोबत आणलेल्या नायट्रोजनवर दोन-तीन दिवस तग धरतात आणि सगळंच हिरवं वाटतं. तरी शंका आली तर त्या प्लेटवरून परत एकदा दुसऱ्या नायट्रेट प्लेटवर लावा, दुसऱ्या फेरीत फरक स्पष्ट होतो.


ओंकार_बॉटनी:

बायोडिझेलवाल्या दादांना मेसेज केला, १६९० आहे म्हणाले, सोमवारी आणायला जातोय. गाईडना न्यूक्लियसच्या मोजणीचा ग्राफ आवडला, डायकायनेसिसचा हट्ट तूर्त सोडलाय पण कार्माइनच्या स्लाइड करच म्हणाले. काका, फेरिक अ‍ॅसिटेट आमच्या केमिस्ट्रीवाल्यांकडे नाही, फेरिक क्लोराइड चालेल का?


कार्माइन_काका:

चालेल. ४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये अगदी सौम्य कर आणि स्टेनच्या बाटलीत टाकू नकोस, स्लाइडवरच्या थेंबाला सुईच्या टोकानं लाव, नाहीतर अख्खी बाटली गाळ होऊन बसेल. पहिली स्लाइड साध्या पेशींची करून हात बसव, झायगोस्पोर त्यानंतर घे. आणि फिक्सेटिव्ह ताजं.